टांगा, बैलगाडी आणि बस : समान प्रवासाच्या हक्काचा लढा

‘रस्ता सर्वांचा आहे’ हे विधान आज कोणासही सहज पटते. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासात रस्ता दीर्घकाळ सर्वांचा नव्हता. कोणी कोणत्या वाटेने जावे, कोणी वाहनात बसावे आणि कोणी पायी चालावे, हे जातीने ठरविले होते. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून जाताना अस्पृश्याला गळ्यात मडके बांधावे लागे, याची नोंद बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात केली आहे. म्हणून प्रवासाचा हक्क हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तो माणूस म्हणून मान्यता मिळविण्याचा प्रश्न आहे.

धम्मयात्रेची भूमी

वज्रेश्वरीच्या पश्चिमेस, वसई तालुक्यात, प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा आहे. तेथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषयच मुळी यात्रा हा आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी आणि मौजेसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर संबोधीला जाऊन धम्मयात्रेचा आरंभ केला. खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे व त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे हे तिचे एक प्रयोजन होते. त्याच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेला लावलेले वड, आमराया, ठरावीक कोसांवर खोदलेल्या विहिरी आणि विश्रांतिस्थाने यांचा उल्लेख आहे. ही सोय माणसांसाठी आणि पशूंसाठी होती. तीत वर्णाचा निर्बंध सांगितलेला नाही. याच भूमीत पुढे माणसाला रस्त्यावरचे पाणी आणि गाडी नाकारली जावी, ही अधोगती किती खोल होती, हे यावरून ध्यानात येते.

स्टेशनाच्या आत आणि बाहेर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. आगगाडीने तिकिटाच्या दरानुसार वर्ग पाडले. गोऱ्यांसाठी राखीव डबे होते, स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते. तरीही तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसतो, हे जातीला पूर्णपणे ठरविता येईना. मात्र ही मोकळीक स्टेशनाच्या फाटकापाशी संपत असे.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावासह व भाच्यांसह साताऱ्याहून कोरेगावी वडिलांकडे निघाले. आगगाडीने ती मुले मसूरपर्यंत सुखरूप आली. आपण महार आहोत, असे मुलांनी सांगताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन तोड निघाली. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे! रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. आगगाडीत चालणारे पैसे बैलगाडीपाशी मात्र पुरेसे ठरले नाहीत.

चाळीसगावचा अपघात

१९२९ साली मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेब खानदेशात होते. एका गावातील अस्पृश्यांवरील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावच्या बांधवांच्या आग्रहाखातर ते तेथे उतरले. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैल दूर होता. आपल्या नेत्याने पायी चालावे, हे लोकांना रुचेना. पण टांगेवाले अस्पृश्याला नेण्यास तयार नव्हते. बराच वेळ घासाघीस झाल्यावर पुन्हा मसूरचीच तोड निघाली. मालकाने टांगा द्यावा, हाकणारा महारांनी आणावा. त्या बांधवाला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. वाटेतल्या पुलावर चाक दगडाला अडले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे. त्यात टांगा हाकणाऱ्या बांधवाविषयी राग नाही. मोलमजुरी करणारा टांगेवालाही स्वतःला बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा श्रेष्ठ समजतो, या सत्याची जाणीव मात्र आहे. मसूर आणि चाळीसगाव यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. त्या काळात भीमराव कोलंबिया व लंडन येथे शिकून आले. पण गाडीवानाच्या लेखी काहीही बदलले नव्हते. शिक्षण आणि पदवी यांनी जात आपोआप सुटेल, असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला होता. पण तो सरकारी निधीतील पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांच्यापुरता होता. खाजगी मालकीचा टांगा त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

केरळात अय्यंकाली यांनी १८९३ साली स्वतः बैलगाडी विकत घेतली आणि अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून ती हाकली. त्यांच्यावर हल्ला झाला; पण वाट मोकळी होण्यास तेथून सुरुवात झाली.

माँटगोमेरीचा बहिष्कार

अमेरिकेतील दक्षिणेकडच्या राज्यांत वाहनांतील वंशभेद कायद्यानेच लिहून ठेवला होता आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली होती. अलाबामातील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास नकार दिला. त्यापूर्वी मार्च महिन्यात पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विन हिनेही असाच नकार दिला होता. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय जनतेने बसवर बहिष्कार घातला. लोक मैलोन्‌मैल चालले, मोटारी वाटून घेतल्या. तरुण धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तरी ३८१ दिवस लढा टिकला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वंशभेद घटनाबाह्य ठरविला. ज्या चार स्त्रियांच्या दाव्यातून हा निकाल लागला, त्यांत कॉल्विनही होती. त्याच्या एकच महिना आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षेचा महान सोहळा झाला होता.

दोन्ही लढ्यांतील साम्य बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. पण भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. माँटगोमेरीच्या बसमधील बहुसंख्य प्रवासी कृष्णवर्णीय होते. त्यांनी पाठ फिरविताच कंपनीचे उत्पन्न आटले. तेथे बहिष्कार हे शोषितांचे शस्त्र झाले. आपल्या खेड्यात अस्पृश्य अल्पसंख्य, भूमिहीन आणि गावावर अवलंबून होते. येथे बहिष्कार हे शोषकांचे शस्त्र होते. बाबासाहेब अशाच एका बहिष्काराची चौकशी करून परतत असताना टांग्यातून पडले, हे विसरता कामा नये. म्हणूनच त्यांनी संघटना, स्वाभिमान आणि राज्यसत्तेचा कायदा या तिन्हींवर सारखाच भर दिला.

कायदा आणि एस.टी.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. त्या यादीत रस्ता होता, परंतु वाहनाचा नामनिर्देश नव्हता. ती उणीव १ जून १९५५ पासून लागू झालेल्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने भरून काढली. त्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरला. १९७६ साली हाच कायदा अधिक कडक करून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव देण्यात आले.

कायद्याइतकेच महत्त्व आणखी एका घटनेला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. टांगेवाला आपल्या मर्जीचा मालक होता. वाहक मात्र शासनाचा सेवक होता. तो जात विचारीत नाही, तिकीट विचारतो. वसई आणि भिवंडीहून वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे येणाऱ्या एस.टी.त आज कोण कोणाशेजारी बसला, याची चर्चा होत नाही. ही शांतता आपोआप आलेली नाही. तिच्यामागे मसूरची तहान आणि चाळीसगावचे मोडलेले हाड आहे.

तरीही लढा संपला असे मानणे घातक ठरेल. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दलितांच्या वरातीवर हल्ला झाल्याच्या बातम्या अजूनही येतात. बसमधील आसन कायद्याने मिळाले. घोड्यावरचा नवरदेव मात्र आजही काहींच्या डोळ्यांत सलतो. ज्या वाहनाचा मालक शासन आहे, तेथे समता लवकर आली. जेथे मालकी समाजाच्या मनाची आहे, तेथे ती अडखळत आहे. मनाच्या या मालकीत पालट घडविणे हेच धम्माचे कार्य होय. अशोकाने रस्त्याच्या कडेला झाडे लावली, ती वाटसरूची जात पाहून नव्हे. त्या सावलीत सर्वांना सन्मानाने बसता येईल असा समाज घडविणे, ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे.