नाताळची सजावट : केव्हा मांडावी, केव्हा उतरवावी?

घरात नाताळवृक्ष केव्हा उभा करावा आणि केव्हा उतरवावा, याविषयी बायबलमध्ये एकही आज्ञा नाही. तरीही नोव्हेंबर सरू लागला की ख्रिस्ती जगतात हा प्रश्न हटकून निघतो. दुकानांच्या काचेआड दिव्यांच्या माळा लागलेल्या असतात. चर्चमधील वेदी मात्र अजून साधीच असते. या विसंगतीच्या मुळाशी दोन निरनिराळ्या कालगणना आहेत. एक चर्चच्या उपासना वर्षाची, तर दुसरी बाजारपेठेची आणि सार्वजनिक सुट्यांची. पहिलीत २५ डिसेंबर हा नाताळपर्वाचा आरंभ आहे. दुसरीत तो जवळजवळ शेवट आहे.

प्रतीक्षेचा काळ

पाश्चात्त्य चर्चचे उपासना वर्ष आगमनकाळाने सुरू होते. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान, त्याचा प्रारंभ होतो. हा काळ उत्सवाचा नसून प्रतीक्षेचा व आत्मपरीक्षणाचा मानला जातो. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळ्या रंगाची असतात आणि कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात महिमागीत गायिले जात नाही. या दिवसांत वेदीवरील फुलांची आरासही बेताची असावी, असा कॅथलिक उपासनाविधीचा निर्देश आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत तर नाताळापूर्वी चाळीस दिवसांचा उपवास पाळला जातो. उपवास सुटण्यापूर्वी उत्सवाचा थाट मांडणे या दृष्टीने अप्रस्तुत ठरते.

प्रतीक्षेलाही स्वतःची सजावट आहे. योहान हिन्‍रिक विखर्न या जर्मन धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथील निराधार मुलांच्या आश्रमात एका चक्रावर मेणबत्त्या लावल्या. नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना कळावे म्हणून रोज एक मेणबत्ती उजळली जाई. त्यातूनच पुढे चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांचे हरित चक्र रूढ झाले. आज अनेक चर्चमध्ये आणि घरांमध्ये नाताळापूर्वीची पहिली मांडणी असते ती याच चक्राची.

वृक्षाची एक रात्र

नाताळवृक्षाचा संबंध मुळात २४ डिसेंबरशी आहे. मध्ययुगीन युरोपात हा दिवस आदाम व हव्वा यांचा मानला जाई. त्यांच्या कथेवरील नाट्यप्रयोगात सफरचंदे लटकविलेला वृक्ष उभा केला जात असे. पुढे तो घरात आला. १६०५ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग येथील घरांत कागदी गुलाब व सफरचंदे लावलेले वृक्ष दिसत असल्याची नोंद सापडते. जर्मन कुटुंबांत वडीलधारी माणसे बंद दाराआड वृक्ष सजवीत आणि नाताळच्या पूर्वसंध्येलाच मुलांना तो दाखवीत. राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे वृक्षाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि ही प्रथा इंग्लंडमध्ये घरोघर पोचली.

उशिरा सजविण्यामागे व्यावहारिक कारणही होते. तोडलेले झाड घरात लवकर सुकते आणि सुकलेल्या झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावणे धोक्याचे असते. १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्क येथील आपल्या घरातील वृक्षावर विजेचे दिवे लावले. पुढे कृत्रिम झाडेही आली. सुकण्याची व जळण्याची भीती ओसरली, तसा वृक्ष आठवडेच्या आठवडे उभा ठेवणे शक्य झाले.

तारीख अलीकडे आली

अमेरिकेतील राष्ट्रीय नाताळवृक्षाचा इतिहास या बदलाचा उत्तम साक्षीदार आहे. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी १९२३ मध्ये या वृक्षाचे दिवे प्रथम उजळले, तो दिवस २४ डिसेंबरचा होता. १९५४ पासून हा सोहळा काही दिवस आधी होऊ लागला. आता तो डिसेंबरच्या आरंभालाच उरकतो. त्यामागे व्यापाराचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा दिवस उलटला की नाताळची खरेदी सुरू होते. खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून व्यापाऱ्यांच्या मागणीवरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये तो दिवसच एक आठवडा आधी आणला. त्यावरून मोठा वाद झाला आणि अखेर १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित करण्यात आला.

सर्वत्र कारण एकच नाही. फिलिपीन्समध्ये सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी व दिवे सुरू होतात. व्हेनेझुएलात २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांनी नाताळ १ ऑक्टोबरपासून सुरू होईल असे जाहीर केले. तेव्हा सणाची तारीख ठरविण्याचा अधिकार सरकारला नाही, असे तेथील बिशपांनी सुनावले. इटलीत मात्र धार्मिक पंचांगाशी जोडलेला मध्यम मार्ग आहे. तेथील बहुतेक घरांत ८ डिसेंबरला, म्हणजे मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, वृक्ष व गव्हाणीचा देखावा मांडला जातो.

उतरविण्याचा मुहूर्त

सजावट लवकर लागली की लवकर नकोशीही होते. अनेक ठिकाणी २६ डिसेंबरलाच झाडे काढली जातात. चर्चच्या दृष्टीने तेव्हा नाताळचा केवळ दुसरा दिवस असतो. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचे दर्शन घेतले, त्याचा सण ६ जानेवारीला येतो. इंग्लंडमध्ये या बाराव्या रात्रीनंतर सजावट ठेवणे अशुभ मानतात. मात्र मोजणी कोठून करावी यावर मतभेद असल्याने कोणी ५, तर कोणी ६ जानेवारी धरतो. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला वृक्षाला निरोप दिला जातो. पूर्वी युरोपात अनेक ठिकाणी २ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणापर्यंत, हिरवी आरास राहत असे. कॅथलिक चर्चच्या १९६९ च्या सुधारित पंचांगानुसार नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने संपतो.

गोव्यातही हे धार्मिक पंचांग सणांच्या ओळीतून जाणवते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त आणि नंतर नाताळ. घरांवर चांदण्या लागतात, अंगणात गव्हाणीचे देखावे उभे राहतात. ६ जानेवारीला रेइश मागुश येथे तीन राजांचे फेस्त साजरे होते.

दोन्ही कालगणनांचा मेळ घालण्याची एक रीत अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी जपली आहे. आगमनकाळात प्रथम मेणबत्त्यांचे चक्र मांडावे, मग गव्हाणीचा देखावा उभारावा. पण गव्हाणी रिकामी ठेवावी. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री तीत बाळ येशूची मूर्ती ठेवली जाते आणि दूर ठेवलेले तीन राजे ६ जानेवारीला तेथे पोचतात. रस्त्यावरचे दिवे कितीही आधी लागोत, त्या घरातील मुलांना वाट पाहण्यासारखे काहीतरी शेवटपर्यंत उरते.