सूर्यबिंबावरील डागांची नोंदवही

२०२४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. सकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हांला आपल्या घराच्या गच्चीवर नेले. तेथे त्याची लहानशी दुर्बीण सूर्याकडे रोखलेली होती. तिच्या पुढच्या भिंगावर सूर्याचे तेज जवळजवळ सगळेच अडवणारा खास फिल्टर घट्ट बसवलेला होता आणि डोळा लावायच्या जागी, स्वतःचे भिंग काढून ठेवलेला कॅमेरा जोडलेला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढरे सूर्यबिंब दिसत होते आणि त्यावर काळ्या ठिपक्यांचा एक मोठा पुंजका. त्या पुंजक्याच्या लांबीत सुमारे पंधरा पृथ्व्या ओळीने मावल्या असत्या. त्याच डागांतून उसळलेल्या सौरवादळामुळे १० मेच्या रात्री लडाखमधील हान्ले येथे आकाश तांबडे झाले होते.

छायाचित्रे घेता घेता त्या तरुणाने विचारले, "फादर, सूर्यावर डाग नाहीतच असे म्हणणारा आपलाच एक पाद्री होता ना?"

आम्ही "तसे नव्हते" एवढेच म्हणालो. पण खरे कसे होते, हे नीट सांगता येईना. घरी येऊन पुस्तके उघडली. त्या वाचनाचे सार वाचकांपुढे ठेवत आहोत.

इ.स. १६११ च्या मार्च महिन्यात जर्मनीतील इंगोलश्टाट येथे गणित शिकवणारे येशूसंघीय धर्मगुरू क्रिस्टोफ शायनर आपल्या शिष्यासह चर्चच्या मनोऱ्यावर चढले आणि विरळ ढगांआडच्या सूर्याकडे त्यांनी दुर्बीण लावली. बिंबावर काळे डाग दिसले. डाग पाहणारे ते पहिले नव्हेत. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट यांनी १६१० च्या डिसेंबरातच त्यांचे चित्र काढले होते आणि योहानेस फॅब्रिशियस या तरुणाने १६११ सालीच त्यांवर पुस्तिका छापली. परंतु शायनर यांच्यापुढचा पेच वेगळा होता. ॲरिस्टॉटलच्या शिकवणीप्रमाणे आकाशातील गोल निर्दोष आणि अविकारी. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्या निष्कलंक आकाशाची ओळख आम्हांलाही झाली होती. अशा सूर्याला डाग कसा लागेल?

संघाचे हसे होऊ नये म्हणून स्वतःच्या नावाने काही छापू नका, असे वरिष्ठांनी सुचवले. तेव्हा १६१२ च्या आरंभी शायनर यांची तीन पत्रे 'अपेलीस' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. अपेलीस हा प्राचीन ग्रीक चित्रकार. आपल्या चित्रामागे लपून तो लोकांचे अभिप्राय ऐकत असे. डाग खरे आहेत, डोळ्यांचा किंवा भिंगाचा भ्रम नव्हे, असे शायनर यांनी ठामपणे लिहिले. मात्र ते सूर्याच्या अंगावर नसून सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान गोलांच्या सावल्यांसारखे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती. डाग सूर्याला चिकटलेले असतील, तर सूर्य फिरून आल्यावर तेच डाग त्याच क्रमाने पुन्हा दिसावयास हवेत. ते तसे दिसत नव्हते.

गॅलिलिओ यांनी उत्तर दिले. डाग जन्मतात, आकार बदलतात, विरून जातात. म्हणून ते जसेच्या तसे परतत नाहीत. शिवाय चेंडूवर काढलेला ठिपका चेंडू फिरवला की कडेशी जसा अरुंद दिसतो, तसाच डागही बिंबाच्या कडेशी अरुंद होतो. अर्थात तो सूर्याच्या पृष्ठावरच असला पाहिजे. त्यांची ही पत्रे १६१३ साली रोममध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील चित्रांसाठी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून डाग गिरवण्याची युक्ती वापरली होती. ती युक्ती काढणारे बेनेदेत्तो कास्तेली हे बेनेडिक्टाइन संन्यासी होते!

या वादातून दोघांमध्ये कटुता निर्माण झाली, ती अखेरपर्यंत गेली नाही. पण शायनर यांनी चित्रे काढणे थांबवले नाही. वर्षानुवर्षे ते सूर्याची प्रतिमा कागदावर घेत राहिले आणि १६३० साली पूर्ण झालेल्या 'रोझा उर्सिना' या जाडजूड ग्रंथात त्यांनी मान्य केले की डाग सूर्यावरच आहेत. सूर्याचा अक्ष सुमारे सात अंशांनी कललेला आहे, हेही त्यांनी त्याच चित्रांवरून मांडले. गॅलिलिओवरची टीका त्या ग्रंथात आहेच. पृथ्वी फिरते हे तर शायनर यांनी कधीच मानले नाही. मात्र डागांच्या बाबतीत त्यांच्याच वहीने त्यांची चूक दाखवली, आणि ती वही त्यांनी लपवली नाही.

हात कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्यामागे मन असते. म्हणून छायाचित्राचे महत्त्व. २ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसमध्ये फिझो आणि फूको या शास्त्रज्ञांनी एका सेकंदाच्या साठाव्या भागात सूर्याचे छायाचित्र घेतले. त्यात डाग स्पष्ट उमटले. तरीही एक छायाचित्र म्हणजे केवळ एक दिवस. देसाऊ या जर्मन गावातील श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने १८२६ पासून रोज डाग मोजले, तेव्हा कोठे १८४४ साली, ते सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात, असे त्याला लिहिता आले. आज ते चक्र सरासरी अकरा वर्षांचे मानले जाते.

आपल्या देशातही अशी वही आहे. तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतात, हा शोध जॉन एव्हरशेड यांनी १९०९ साली तेथेच लावला. आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सांभाळलेल्या वेधशाळेची उपकरणे १९१२ साली तिकडेच गेली.

आमच्या चर्चच्या कार्यालयातील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या अशाच आहेत. एका धर्मगुरूचे अक्षर संपते, दुसऱ्याचे सुरू होते. लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडीने तेथे एक तारीखही बदलता येत नाही. बदललीच, तर ते पाप ठरते.

गॅलिलिओ प्रकरणात ख्रिस्तसभेच्या लोकांकडून झालेली चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केली. त्यामुळे ख्रिस्तसभेचे तेज कमी झाले, असे आम्हांला वाटत नाही. काळा दिसणारा सौरडागही खरोखर काळा नसतो. सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठाशेजारी तो दीड-दोन हजार अंशांनी थंड, एवढेच. डाग आहे म्हणून सूर्य विझत नाही. तो दाखवल्यानेही विझत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या तरुणाला हे सारे सांगितले. उघड्या दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये, दृष्टी कायमची जाते, हे त्याने घरातील लहानग्यांना आधीच बजावले होते. आम्ही त्याला एक कोरी वही दिली. त्याने पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि डागांची संख्या लिहिली. तिसऱ्या दिवशी संख्या चुकली होती. त्याने ती खोडली नाही. शेजारी बरोबर संख्या लिहून खाली सही केली.