खांदेरीचा पिकअप

जामखेडच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तसा दूरचाच. आमची विंचरणा पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात तिचं पात्र क्रिकेटला बरं पडतं. पाण्याचा जोर म्हणजे टँकरच्या नळीतून येणारं पाणी, एवढीच आमची समज. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी दोन मुलं, मेहुणे आणि त्यांची पोरं असे सगळे अलिबागजवळच्या थळहून खांदेरी किल्ला बघायला निघालो, तेव्हा होडीत कुठं बसायचं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळे मागे, इंजिनाजवळ दाटीवाटीने बसलो. भीती वाटली की माणूस आवाजाच्या जवळ जातो, तसं काहीसं.

होडी फायबरची, मागे लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन. तांडेलने पेट्रोल दिलं आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकदम आकाशाकडे गेलं. इंजिन ओरडत होतं, मागे पाणी उसळत होतं, पण होडी काही पुढे सरकेना. तांडेलने इंजिन हळू केलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही दोघं मोठी माणसं पुढं जाऊन बसा. तो पेट्रोलचा कॅन पण पुढं सरकवा." आम्ही सरकलो. त्याने पुन्हा पेट्रोल दिलं. क्षणभर नाळ वर आली, मग खाली बसली आणि होडी पाण्यावर चढून पळायला लागली. माझा धाकटा ओरडला, "अब्बा, अब पिकअप आया!"

हा लेख त्या पोराच्या एका शब्दावर उभा आहे.

परत आल्यावर मी तांडेलला विचारलं, दोन माणसं पुढे गेली तर एवढा फरक कसा पडला? गोड्या पाण्याने इंजिन धुता धुता त्याने अर्ध्या तासात जे सांगितलं, ते बीएडच्या वर्षभरात मला कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं.

होडी हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला ढकलत चालते. वेग वाढला की तिच्या पुढे स्वतःचीच लाट उभी राहते आणि तिला जणू चढ चढावा लागतो. हलक्या, सपाट बुडाच्या होडीला पुरेसा जोर मिळाला तर ती चढ ओलांडून पाण्याच्या वर येते आणि घसरगुंडीसारखी पळते. सगळा खेळ तो चढ ओलांडण्याचा. वजन मागे असलं तर नाळ वर राहते, होडी चढावरच अडकते. म्हणून माणसं, पेट्रोल, बर्फ, जाळं कुठं ठेवायचं हे ठरलेलं असतं. बुडात साठलेलं पाणी आधी उपसायचं, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. पन्नास लिटर साचलं तर एक पोरगं फुकट बसवल्यासारखं.

दुसरी गोष्ट पंख्याची. पंख्याचं पातं किती तिरकं आहे यावर तो एका फेऱ्यात किती पुढे जाईल हे ठरतं, लाकडात स्क्रू जातो तसं. त्याला पिच म्हणतात आणि तो इंचात मोजतात. कमी पिचचा पंखा लावला तर होडी झटकन उचलते, पण पुढे जास्त पळत नाही. जास्त पिचचा लावला तर मोकळ्या समुद्रात पळते, पण सुरुवातीला रडते. मोटारसायकलचा पहिला गिअर आणि शेवटचा गिअर, पण पाण्यात एकच निवडायचा.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या उंचीची. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती साधारण होडीच्या बुडाच्या रेषेत यावी. इंजिन फार खोल बसवलं तर तेच पाण्याला अडतं. फार वर घेतलं तर पंखा हवा खातो आणि नुसता गरगर फिरतो. सुरुवातीला इंजिन होडीकडे आत ओढून धरायचं म्हणजे नाळ खाली राहते, आणि होडी वर आली की ते थोडं बाहेर सोडायचं. शेवटी बूड. खवले, शेवाळ, शिंपले चिकटलेलं बूड म्हणजे पायात चिखल घेऊन शर्यत धावणं.

थोडक्यात, वेग दोन प्रकारचा असतो. एक उभ्या जागेवरून उचलायचा, त्याला पोरं पिकअप म्हणतात. दुसरा एकदा उचलल्यावर पळायचा. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. होडी कशासाठी हवी आहे ते आधी ठरवावं लागतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. ज्या बेटाकडे आम्ही चाललो होतो, त्या बेटाचा निकाल १६७९ साली लागला, तो याच निवडीमुळे, असं मला वाटतं.

खांदेरी मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर आहे. एका बाजूला इंग्रजांची मुंबई, दुसऱ्या बाजूला सिद्दीचा जंजिरा, आणि मध्ये हे उजाड बेट. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या हाताखाली ते ताब्यात घेतलं आणि तटबंदीचं काम सुरू केलं. इंग्रजांनी बेट घेरलं. बेटावर दगड होता, पण धान्य, दारूगोळा आणि माणसं किनाऱ्यावरूनच आणावी लागणार होती. हे काम आरमाराचे सरदार दौलतखान यांच्याकडे होतं.

त्यांच्याकडे होती गलबतं. ती कशी असत? रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने पुढच्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन केलं आहे. ते काही दशकांनंतरचं आहे, पण जात तीच. त्याच्या वर्णनानुसार मोठं जहाज म्हणजे गुराब. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, आणि दोन्ही कमी पाण्यात चालणाऱ्या. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. त्याला एक मोठं तिकोनी शीड आणि ४० ते ५० वल्ही. नुसत्या वल्ह्यांवर ते ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर जाई. आणि एक तपशील वाचून मला आमचा तांडेल आठवला: बऱ्याच गलबतांवर लाकडी फळ्यांचा डेक नसे, चिरलेल्या बांबूचा असे. कशासाठी? वजन कमी व्हावं म्हणून. त्यावर जड तोफा चढवत नसत, हलक्या फिरत्या तोफा ठेवत. वारा पडला की हीच गलबतं मोठ्या गुराबांना दोरीने ओढत नेत.

म्हणजे आउटबोर्ड इंजिन अमेरिकेत १९०९ साली ओले एव्हिनरूडने विकायला काढण्याआधी दोनशे-अडीचशे वर्षं आमच्या कोकणात हाच हिशेब होत होता. वजन कमी करा, बूड उथळ ठेवा, जोर मागे-बाजूला लावा, मारा पुढे ठेवा. वल्ह्यांचा फायदा तोच जो कमी पिचच्या पंख्याचा: वाऱ्याची वाट न पाहता जागेवरून उचल. शिडाच्या जहाजाला नांगर उचलायचा, शीड चढवायचं, वारा भरायचा, मग हलायचं. गलबताला पन्नास माणसांनी एकदम वल्हं मारलं की झालं.

१८ ऑक्टोबर १६७९ ची पहाट पाहा. इंग्रजांकडे रिव्हेंज नावाचं फ्रिगेट आणि सात लहान नावा होत्या. प्रमुख रिचर्ड केग्विन, जहाजावर कॅप्टन मिंचिन. नागावजवळून दौलतखानांचा ताफा निघाला, नाळेवरच्या तोफा डागत सरळ चालून आला. तो इतक्या झपाट्याने आला की इंग्रजांच्या नावांना नांगर उचलून हलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत डोव्हर नावाची त्यांची गुराब मराठ्यांनी पकडली. बाकीच्या लहान नावा पांगल्या आणि रिव्हेंज पन्नासेक नावांच्या मध्ये एकटं उरलं. याला म्हणतात पिकअप.

पण इतिहास अर्धा सांगायचा नसतो. पुढचा अर्धा तास रिव्हेंजचा होता. त्या एका जहाजाने तोफांच्या माऱ्याने पाच गलबतं बुडवली आणि सगळा ताफा मागे फिरवला. चिरलेल्या बांबूचा डेक तोफगोळा अडवत नाही. जे वजन वाचवलं, त्याची किंमत माणसांनी दिली. रिव्हेंजने नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पाठलाग केला आणि तिथे ते थांबलं, कारण पुढे पाणी उथळ होतं. गलबतं आत गेली.

त्या दिवशीची लढाई इंग्रज जिंकले असं म्हणता येईल. पण बेट? पुढच्या आठवड्यांत लहान नावा रात्रीच्या अंधारात पहाऱ्यातून निसटून खांदेरीला रसद पोहोचवत राहिल्या. मोठ्या जहाजाने हालचाल ओळखून शीड भरेपर्यंत त्या पोहोचलेल्या असत. अंतर थोडं, पाणी उथळ, वेळ रात्रीची. अशा कामाला लांब पळणारं जहाज लागत नाही, झटकन उचलणारी नाव लागते. सिद्दी कासमचा ताफा मदतीला येऊनही खांदेरी पडली नाही. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने समोरची उंदेरी घेतली. तिच्यावर हल्ला करताना दौलतखान स्वतः जखमी झाले. इंग्रजांनी वेढा उठवून तह केला. त्यामागे त्यांचा व्यापार, खर्च, सिद्दीबद्दलचा अविश्वास अशी इतरही कारणं होती, पण बेटावरचे लोक तोवर टिकले ते या फेऱ्यांमुळे. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत तिचंही नाव आहे.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. सहलीहून आल्यावर मी वर्गात खांदेरी सांगितली. एका मुलाने विचारलं, "सर, सिद्दी तर तुमच्यातला होता ना?" लगेच आमच्यातल्याच एकाने उत्तर दिलं, "आणि दौलतखान?" दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. मला दोघांचंही वाईट वाटलं. पहिल्याचं का, ते सांगायला नको. पण दुसऱ्याचंही, कारण मी त्याला विचारलं, "दौलतखानांनी काय केलं?" त्याला नावापुढे काही सांगता येईना.

चूक त्याची नाही, आपली आहे. आपण शिवरायांच्या सैन्यातल्या मुसलमानांच्या याद्या फॉरवर्ड करतो. नाव वाचतो, छाती फुगवतो, पुढे पाठवतो. पन्नास वल्ही एका ताला-ठेक्यात कशी चालवायची, पहाटेची कोणती वेळ धरायची, कुठे पाणी उथळ आहे, पाच गलबतं बुडाल्यावर पुन्हा रात्री माणसं कशी पाठवायची, हे दौलतखानांना येत होतं. मायनाक भंडारींना दगडावर उपाशी टिकून राहता येत होतं. एकाचं काम दुसऱ्याशिवाय वाया गेलं असतं. आणि समोर सिद्दी कासम होते, तेही दर्याचे जाणते होते, तेही कलमा पढणारे होते आणि त्यांची चाकरी वेगळ्या दरबारची होती. धर्माची यादी करून ही लढाई समजत नाही. होडी कशी बांधली होती, हे पाहिलं की समजते.

भाषेनेही हे कधी वेगळं ठेवलं नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून सांगतो. गुराब हा अरबी शब्द आहे, त्याचा अर्थ कावळा. सुकाणू अरबी सुक्कानवरून आलं. बंदर आणि दर्या फारसी. खलाशी, सारंग यांचीही मुळं तिकडचीच. आणि वल्हं, शीड, नाळ, डोलकाठी इथली. रत्नागिरीकडचे दालदी, रायगडचे कोळी, भंडारी, खारवी सगळे एकाच होडीत हे शब्द वापरत आले. त्यातला एक शब्द मला फार आवडतो. जहाजाला वाट दाखवणाऱ्याला मालीम म्हणत. तो अरबी 'मुअल्लिम'. म्हणजे शिक्षक.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात पाण्याचं टब नेलं. थर्माकोलच्या दोन होड्या, मागे रबर बांधून फिरणारी पट्टी. एकीत दगड मागे ठेवला, दुसरीत मध्ये. मागे दगड ठेवलेली नाक वर करून जागेवरच डुलत राहिली. प्रश्न विचारणारी दोन्ही पोरं टबाच्या एकाच बाजूला ओणवी झाली होती, आणि दगड किती पुढे सरकवायचा यावरून त्यांचं भांडण चाललं होतं.

ते भांडण मी सोडवलं नाही.