लातूरच्या बाया आणि भिंतीचा जोड



३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद हादरलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही क्षणांत ढिगारा झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

घात केला तो घरांनीच. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आपल्या खान्देशातल्या धाब्यासारखंच. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोड नव्हता. हादऱ्याने भिंती फाटल्या आणि छत झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

पुढे घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था आली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. मदत किती मिळते, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या घरोघर सांगत. ज्यांना घरबांधणीत कोणी विचारत नव्हतं, त्या गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काहीजणी तिकडे गेल्या. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूतही पोहोचल्या. भाषा वेगळी होती, दुःख ओळखीचं होतं.

भूकंप आपल्यापासून लांब नाही. १९३८ साली सातपुड्यातही मोठा भूकंप झाला होता. म्हणून बचत गटातून घरासाठी कर्ज घ्याल, तेव्हा रंगाच्या आधी गवंड्याला विचारा: भिंतीला जोड आहे का?