बुद्धी शाबूत, आठवण गेलेली

१९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात २७ वर्षांच्या हेन्री मोलेसनवर फेफरे थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले; पण नवे काही लक्षात राहीना. १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला तपासले. बुद्धिमापन चाचणीत ११२ गुण, म्हणजे सरासरीहून जास्त. स्मरणाच्या चाचणीत मात्र अवघे ६७. पुढे त्यांनी आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात बसला, पण आदल्या दिवशीचा सराव त्याला आठवतही नव्हता! म्हणजे हाताची आठवण वेगळी, घटनांची वेगळी.

डोक्याला मार लागलेला माणूस नीट बोलतो, एवढ्यावरून त्याला बरा ठरवणे हा अन्याय आहे. लक्ष, भाषा, स्मरण हे सारे वेगवेगळे तपासावे लागते.