लालबागवरचं आकाश

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

लालबाग म्हटलं की आज डोळ्यांपुढे काय येतं? राजाच्या दर्शनाची रांग, मसाल्याचा बाजार आणि डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल. पण १८७७ साली इथल्या बागेतून जोसेफ लिन नावाचा एक गृहस्थ फुग्यात बसून आकाशात गेला आणि थेट दादरला उतरला. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या हवाई सफरींत या सफरीची नोंद होते. लालबाग ते दादर! आज बसनं जायचं तर आपण वाटेतल्या गर्दीचा हिशेब करतो. त्या काळी आकाशाला गर्दी नव्हती, आणि आकाशाचा कायदाही नव्हता. हवाई जहाजांसंबंधीचा पहिला कायदा हिंदुस्थानात आला तो १९११ साली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अलाहाबादहून नैनीला विमानानं टपाल गेलं होतं. म्हणजे विमान आलं आणि त्याच्या पाठोपाठ नियम आला. तेव्हापासून आजपर्यंत ही जोडी कधी फुटलेली नाही.

या जोडीशी माझा संबंध आला तो १९८४ साली. मी बँकेत नोकरीला होतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. चाळीतल्या मुलानं क्रिकेट खेळावं, फार तर बुलबुलतरंग शिकावा. मला मात्र विमान शिकायचं होतं. फ्लाइंग क्लबांना सरकारी मदत असायची, त्यामुळे बँकेतल्या कारकुनालाही, ओव्हरटाइम साठवून, हे वेड परवडू शकत होतं. रविवारी पहाटे लालबागहून निघायचं आणि जुहू गाठायचं. दोन वर्षांनी खासगी वैमानिकाचा परवाना हाती आला, तेव्हा अण्णांनी चाळीत पेढे वाटले आणि मला एकच प्रश्न विचारला : "काय रे, वरून आपली चाळ दिसते का?"

जुहूची धावपट्टी ही काही साधीसुधी जागा नव्हे. १९२८ साली तिथं विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो या क्लबात शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते उतरले तेही जुहूलाच. पावसाळ्यात ही जमीन पाण्याखाली जायची, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा चिखलातून आपली नागरी विमानसेवा उभी राहिली, आणि ती उभी केली हौशी माणसांनी. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मुंबईसह पाच बंदरांच्या रक्षणासाठी हवाई दलानं किनारा संरक्षणाच्या तुकड्या काढल्या. त्या वेळी क्लबांत हौसेनं उडायला शिकलेली मंडळी राखीव दलातून तिथं कामाला आली. खासगी वैमानिक म्हणजे सुरक्षेला धोका, असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. तो सुरक्षेचा साठा होता.

माझ्या शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात मुंबईचा नकाशा पुढे टाकला आणि त्यावर दोन वर्तुळं दाखवली. एक पूर्वेला, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राभोवती. दुसरं दक्षिणेला, मलबार हिलवरच्या डुंगरवाडीभोवती, पारशांच्या दख्म्यांपासून एक मैल त्रिज्येचं. हे दुसरं वर्तुळ १९३७ च्या विमान नियमांच्या परिशिष्टातच दिलेलं आहे. गिरगाव चौपाटी त्याच्या आत येते. अणुकेंद्राचं कारण सांगावं लागत नाही. दख्म्यांचं कारणही कुणाला विचारावं लागत नाही : एका समाजाचे अंत्यविधी जिथं होतात तिथं वरून डोकावू नये, इतकं साधं. या वर्तुळाविषयी मी एकाही वैमानिकाला कुरकुर करताना ऐकलं नाही. कारण सर्वांना पटणारं आणि हद्द एक मैलाची. ते वर्तुळ लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

नकाशावरच्या वर्तुळांइतकाच पाळावा लागणारा आणखी एक नियम होता. उडत्या विमानातून परवानगीशिवाय छायाचित्र काढायचं नाही. वरळीच्या समुद्रावरून जाताना पूर्वेकडे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्या ओळीनं उभ्या दिसत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. त्या संपानंतरची ती वर्षं. पुष्कळ चिमण्यांतून धूर येत नव्हता. खालून, चाळीच्या गॅलरीतून, आपल्याला समोरची एखादीच चिमणी दिसायची. वरून सगळं गिरणगाव एका नजरेत दिसायचं आणि पोटात कालवायचं. कोणत्या चिमणीच्या मागे आमची चाळ, याचा मी अंदाज बांधायचो. पिशवीत कॅमेरा असायचा, तो पिशवीतच राहायचा. अण्णांना मी तोंडी वर्णन सांगायचो. ते म्हणायचे, "एक फोटो आण की." मी म्हणायचो, "परवानगी नाही." रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, नियम म्हटला की गप्प बसायचा.

हे सांगताना मला सुरक्षेची थट्टा करायची नाही. १९७१ च्या डिसेंबरात मी बारा वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे केलेले, भोंगा वाजला की आई दिवा मालवून आम्हाला भिंतीशी बसवायची. विमानाचा आवाज आला की तो आपला की त्यांचा, हे चाळीतली मोठी माणसं एकमेकांना विचारायची. अशा वेळी कुणी हौसेखातर विमान उडवायचं नाही, हे सांगायला कायदा लागत नाही. १२ मार्च १९९३ ला दादरला प्लाझापाशी आणि शिवसेना भवनाजवळ स्फोट झाले, तेव्हा मी बँकेतून पायी घरी आलो. या शहरानं जे सोसलं आहे, त्यानंतर पोलिसांनी काळजी करू नये असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण इतिहास नीट वाचला तर एक गोष्ट नजरेत भरते. १९९३ ची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला समुद्रातून उतरली. २६ नोव्हेंबर २००८ चे अतिरेकीही समुद्रातूनच आले. आणि गिरगाव चौपाटीवर त्यांच्यातल्या एकाला जिवंत पकडताना तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. जिथं विमानाला बंदी आहे त्याच एक मैलाच्या वर्तुळाखाली, रस्त्यावर, एका पोलिसानं शहर वाचवलं.

मग आकाशातून कधी काही आलंच नाही का? आलं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर एका विमानातून शस्त्रांच्या पेट्या टाकल्या गेल्या. पण ते काही एका इंजिनाचं हौशी विमान नव्हतं. ते एएन-२६ जातीचं मोठं मालवाहू विमान होतं आणि ते रीतसर परवानगी घेऊन आपल्या हद्दीत आलं होतं. चार दिवसांनी परतीच्या वाटेवर ते मुंबईला उतरवलं गेलं. कर्मचारी आणि ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच पकडले गेले. सूत्रधार किम डेव्ही मात्र विमानतळावरून निसटला. कागद पुरे होते, पाहणारे कमी पडले.

त्यानंतर कागदांवरची पकड घट्ट झाली. एखाद्या खासगी वैमानिकाला एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर आधी उड्डाणाचा आराखडा द्यायचा, माहिती केंद्राकडून एक क्रमांक घ्यायचा, हवाई दलाकडून एअर डिफेन्स क्लिअरन्सचा दुसरा क्रमांक घ्यायचा, आणि मगच निघायचं. क्रमांकाशिवाय आकाशात दिसलात तर तुम्ही अनोळखी, आणि अनोळखी विमानामागे लढाऊ विमान पाठवायचा हवाई दलाला अधिकार आहे. हा नियम योग्यच आहे. पण मोठ्या कंपनीकडे हे क्रमांक मिळवायला माणसं असतात. रविवारची सुट्टी गाठून आलेल्या बँकेतल्या माणसाकडे एक दूरध्वनी आणि अर्धा दिवस असतो. क्रमांक येईपर्यंत ऊन चढतं, वारा फिरतो आणि सुट्टी संपते. माझ्या परवान्याची मुदत संपली तेव्हा ती पुन्हा वाढवायला मी गेलो नाही. कुणी अडवलं म्हणून नव्हे. कंटाळून.

जुहूचंही तसंच झालं. तिथून आज मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात आणि क्लबाचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं. याला एकटी सुरक्षा कारणीभूत नाही. सांताक्रूझची वाढलेली वाहतूक आणि धावपट्टीभोवती चढत गेलेल्या इमारती हीही कारणं आहेत. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं भलंमोठं डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं होतं. दोन विमानतळ इतके शेजारी असणं सोयीचं नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

२६/११ नंतरच्या वर्षांत मुंबई पोलिसांचे आदेश नेहमीचे झाले. ड्रोन, रिमोटवरचं मायक्रोलाइट विमान, पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर आणि गरम हवेचा फुगा यांना शहरावर मनाई. आधी ते फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. मुदत साधारण महिन्याची. ती संपत आली की पुन्हा आदेश. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हाही असा आदेश निघाला, आणि तेव्हा तो हवाच होता. पण शांततेच्या महिन्यातला आदेश आणि युद्धाच्या महिन्यातला आदेश शब्दाशब्दानं सारखाच वाचायला मिळाला, तर वाचणाऱ्याला धोक्याची पातळी कळणार कशी? आणि यादीतला तो शेवटचा फुगा पाहिला की मला हटकून लालबागचा जोसेफ लिन आठवतो.

२०१४ च्या मे महिन्यात लोअर परळच्या एका पिझ्झावाल्यानं वरळीच्या उंच इमारतीत ड्रोननं पिझ्झा पोहोचवला. पेपरांनी कौतुक केलं, पोलिसांनी जाब विचारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमान महासंचालनालयानं देशभर खासगी ड्रोनला मनाई केली. पुढे २०२१ साली मात्र नवे ड्रोन नियम आले आणि त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. नकाशा प्रसिद्ध केला. लाल, पिवळा, हिरवा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडायचं नाही. मुंबईच्या वाट्याला लाल रंग पुष्कळ आला, पण कुठे आणि का, हे सामान्य माणसाला घरी बसून पाहता येतं.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर सगळी खासगी विमानं जमिनीवर आणली गेली. हळूहळू ती सुटली. वॉशिंग्टनभोवती २००३ साली तात्पुरतं म्हणून घातलेलं कुंपण मात्र २००९ साली कायमचं झालं. पण कायमचं करण्याआधी सरकारनं लोकांची मतं मागवली, वैमानिकांनी हजारोंनी पत्रं पाठवली आणि नियमात त्या कुंपणाच्या आत उडण्याची पद्धत लिहिली गेली. कुंपण राहिलं, पण त्याला दार ठेवलं.

आपल्याकडेही दार उघडता येतं. जे. आर. डी. टाटांनी आपल्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून १९६२ साली लहानशा लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा कराची ते मुंबई प्रवास केला. तारीख १५ ऑक्टोबर. पाचच दिवसांनी चीनचं युद्ध सुरू झालं. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तेच पुन्हा केलं. पाकिस्तानातून एका इंजिनाचं खासगी विमान सीमा ओलांडून मुंबईला आलं आणि कुणाची सुरक्षा ढासळली नाही. कोण येतंय, कशासाठी येतंय, कोणत्या वाटेनं, हे दोन्ही देशांना ठाऊक होतं. मात्र त्यासाठी जे. आर. डी. असावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून मी डुंगरवाडीच्या त्या वर्तुळाकडे परत येतो. चांगली बंदी कशी असावी याचा तो नमुना आहे. हद्द मोजलेली, कारण सर्वांना ठाऊक, आणि हद्दीबाहेर तुम्ही मोकळे. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. नवा कायदा आला की जुने नियम एकदा उन्हात काढून झटकायची संधी मिळते. प्रत्येक मनाईपुढे तिचं कारण लिहावं, आणि ती पुन्हा लागू करताना ते कारण अजून टिकून आहे का हे तपासावं.

नाही तर काय होतं ते छायाचित्रांच्या नियमानं दाखवलं आहे. २००४ साली प्रवाशांना विमानातून फोटो काढायची मुभा मिळाली. २००५ साली गूगल अर्थ आलं, राष्ट्रपती कलाम यांनी त्यातल्या धोक्याबद्दल काळजी व्यक्त केली, पण उपग्रहाला कुंपण घालता आलं नाही. आता नातू मोबाइलवर बोट फिरवून मला लालबागचं छप्पर न् छप्पर दाखवतो. फक्त आमची चाळ त्यात नाही. तिच्या जागी टॉवर आहे. चिमण्याही बहुतेक गेल्या. माझ्यासारख्या रविवारच्या वैमानिकांनी त्या काळी गिरणगावाचे फोटो काढले असते, तर आज ते कुणाच्या तरी उपयोगी पडले असते.

अण्णा १९९८ साली गेले. फोटोचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.