नारू : प्रसार व निर्मूलन

नारू : पिण्याच्या पाण्यावाटे पसरणारा परजीवी कृमिरोग. ‘ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस’ या सूत्रकृमीची मादी माणसाच्या त्वचेखाली वाढते आणि सुमारे वर्षभराने, बहुधा पायावर, कातडी फोडून बाहेर पडते. या कृमीला आणि त्यापासून होणाऱ्या रोगाला मराठीत नारू हेच नाव आहे. इंग्रजीतील ‘गिनी वर्म’ हे नावही आता रूढ झाले आहे. मध्ययुगीन आयुर्वेदीय ग्रंथांत त्याचे वर्णन स्नायुक या नावाने आले आहे. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

नारूवर लस नाही आणि शरीरातील कृमी मारणारे खात्रीचे औषधही नाही. एकदा रोग होऊन गेल्याने अंगी प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे एकाच माणसाला तो वर्षानुवर्षे होऊ शकतो. असे असूनही तो देशातून गेला, कारण त्याच्या प्रसाराची साखळी कोठे तोडायची हे ठाऊक होते आणि ती गावोगाव तोडली गेली. संसर्गजन्य रोग समाजात कसे पसरतात व कसे आटोक्यात येतात हे समजून घेण्यासाठी नारूइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

जीवनचक्र : नारूच्या अळ्या साचलेल्या पाण्यातील सायक्लॉप्स या एक-दोन मिलिमीटर लांबीच्या कवचधारी जीवाच्या पोटात जातात. तेथे सुमारे दोन आठवड्यांत त्या संसर्गक्षम होतात. असे पाणी न गाळता प्याल्यास सायक्लॉप्स माणसाच्या जठरात मरतो, अळ्या मोकळ्या होतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. तेथे त्या वाढतात. नर-मादीचे मीलन झाल्यावर नर मरतो. मादी मात्र वाढत वाढत त्वचेखालील भागाकडे सरकते. पूर्ण वाढलेली मादी साधारण ६० ते १०० सेंमी. लांब आणि शेवयीसारखी बारीक असते. तिच्या उदरात लक्षावधी अळ्या असतात.

पाणी प्याल्यापासून दहा ते चौदा महिन्यांनी मादी कातडीजवळ येते. तेथे फोड येतो आणि भयंकर आग होते. आग शमवण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवतो. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटतो, मादी बाहेर डोकावते आणि अळ्यांचा पांढरट स्राव पाण्यात सोडते. या अळ्यांना काही दिवसांतच सायक्लॉप्स मिळाला नाही तर त्या मरतात. मिळाला तर चक्र पुन्हा सुरू होते. माणसाचे दुखणेच त्याला पाण्याकडे नेते आणि त्या पाण्यातूनच रोग पुढच्या घरी जातो.

लक्षणे व परिणाम : वर्षभर रुग्णाला काहीच जाणवत नाही. कृमी बाहेर येण्याच्या सुमारास अंगावर पित्त उठणे, ताप, मळमळ आणि त्या जागी सूज व जळजळ ही लक्षणे दिसतात. बहुतेक नारू गुडघ्याखाली निघतात, तरी हात, पाठ किंवा स्तन येथेही ते निघाल्याची उदाहरणे आहेत. एकाच रुग्णाला एकाहून अधिक नारू निघू शकतात.

पूर्वापार चालत आलेला उपचार म्हणजे बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढणे. एका दिवशी काही सेंटिमीटरच कृमी निघतो, त्यामुळे पूर्ण नारू काढायला कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात. घाईने ओढताना तो तुटला तर आत राहिलेल्या भागामुळे तीव्र दाह होतो. जखमेत जंतू शिरून गळू, सांधेदुखी, प्रसंगी धनुर्वातही होतो. नारूने मृत्यू क्वचित येतो, पण माणूस आठवडे, महिने अंथरुणाला खिळतो.

दख्खनसारख्या कोरड्या प्रदेशात याचा जोर उन्हाळ्यात असे. विहिरींचे पाणी तळाला जाई, थोड्या पाण्यात सायक्लॉप्स दाटीने असत आणि सारे गाव त्याच पाण्यावर जगे. वर्षाने त्याच दिवसांत नारू निघत. पेरणीपूर्वीची मशागत आणि पेरणी यांच्याच वेळी घरातील कर्ती माणसे पडून राहत, मुलांची शाळा बुडे, मजुरी बुडे. म्हणून हा रोग गरिबीतून येतो आणि गरिबी वाढवतो.

प्रसाराची परिस्थिती : रोगाच्या प्रसाराला रोगकारक, त्याला आश्रय देणारा जीव आणि दोघांची गाठ घालणारे वातावरण या तीन गोष्टी लागतात. नारूच्या बाबतीत तिसरी गोष्ट निर्णायक होती. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात व राजस्थान या भागांत पायऱ्यांच्या विहिरी, बारवा, बावड्या आणि उघडी तळी हेच पिण्याच्या पाण्याचे आधार होते. पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहायचे आणि घागर बुडवून भरायची, ही रीत होती. नारू झालेल्या माणसाचा पाय आणि गावाची घागर एकाच पाण्यात जात. वाहत्या नदीचे, रहाटाने वर काढलेले किंवा नळाचे पाणी पिणाऱ्या वस्त्यांत हा रोग टिकत नसे, कारण तेथे माणसाचा पाय पाण्यापर्यंत पोहोचत नाही किंवा सायक्लॉप्सना साचलेले पाणी मिळत नाही. म्हणून एकाच गावात एका पाणवठ्यावरचे लोक आजारी आणि दुसऱ्यावरचे धडधाकट असे चित्र दिसे.

शोधाचा इतिहास : ‘एबर्स पपायरस’ या इ.स.पू. सोळाव्या शतकातील इजिप्तच्या वैद्यकीय लेखात या रोगाचा उल्लेख असल्याचे मानले जाते. एका इजिप्शियन ममीत या कृमीचा कॅल्शियम साठून कठीण झालेला अवशेषही सापडला आहे. कृमी शरीरात शिरतो कसा, याविषयी मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत तर्कच चालले होते. तळ्यातील सूक्ष्म कृमी कातडीतून आत शिरत असावेत, असे मत मुंबईत काम करणारे हेन्री जॉन कार्टर यांनी त्या शतकाच्या मध्यावर मांडले होते.

खरा मार्ग रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेंको यांनी तुर्कस्तान प्रांतात दाखवला. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढतात, हे त्यांनी १८७० मध्ये नोंदवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडचे रॉबर्ट लायपर यांनी जठरातील आम्लासारख्या द्रावात सायक्लॉप्स मरतो पण अळ्या जिवंत सुटतात, हे सिद्ध केले. मुंबईतील परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत ज्ञानेश्वर आत्माराम तुरखुड यांनी १९१३ च्या सुमारास संसर्गित सायक्लॉप्स पाजून माणसाला नारू होतो, हे प्रयोगाने दाखवले. रोगाचा मार्ग अशा रीतीने निश्चित झाला. त्यानंतर भारतातून रोग जाण्यास आठ दशकांहून अधिक काळ लागला. ज्ञान हाती होते; खेड्यातल्या माणसाला शुद्ध पाणी देणे हे तातडीचे काम आहे, असे मानले जात नव्हते.

हे काम शक्य आहे याचा पुरावाही लवकरच मिळाला होता. आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहरात ‘हौज’ नावाच्या उघड्या तलावांमुळे नारू घरोघरी होता. लिओनिद इसाएव यांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात तेथे तलावांचा बंदोबस्त, रुग्णांची नोंद आणि नळाचे पाणी अशी मोहीम झाली. १९३० च्या दशकाच्या आरंभी शहर नारूमुक्त झाले.

नियंत्रणाचे उपाय : साखळीच्या प्रत्येक दुव्यावर वेगळा उपाय लागू पडतो. (१) रुग्णाला पाण्यात उतरू न देणे : नारू दिसताच जखम धुऊन पट्टी बांधणे, कृमी पूर्ण निघेपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवणे आणि त्याच्या घरी पाणी पोहोचवणे. (२) सायक्लॉप्स मारणे : पिण्याच्या साठ्यात दर लिटरला १ मिग्रॅ. या प्रमाणात टेमेफॉस हे रसायन टाकणे. एवढ्या मात्रेत ते माणसाला अपायकारक नसते. (३) पाणी गाळणे : दुहेरी सुती कापड किंवा बारीक विणीचे नायलॉनचे गाळणे. सायक्लॉप्स डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो, त्यामुळे वस्त्रगाळ पाण्यात तो येत नाही. उकळलेले पाणीही सुरक्षित असते. (४) पाणवठा बदलणे : पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा व रहाट बसवणे, विंधनविहीर खणून हातपंप देणे, नळयोजना करणे.

पहिले तीन उपाय लगेच अंमलात येतात, पण रोज पाळावे लागतात. चौथा खर्चिक व वेळखाऊ असला तरी एकदा झाला की गावाच्या सवयीवर अवलंबून राहत नाही, आणि अतिसार, कावीळ, विषमज्वर अशा पाण्यातून येणाऱ्या इतर रोगांनाही आळा घालतो. नारूमोहिमेत दोन्ही प्रकारचे उपाय एकाच वेळी वापरले गेले, हे तिच्या यशाचे मोठे कारण आहे.

भारतातील निर्मूलन : राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे त्याचे नियोजन होते; राज्यांची आरोग्य खाती आणि पाणीपुरवठा खाती यांनी तो राबवला. १९८४ मध्ये सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत ३९,७९२ रुग्ण नोंदले गेले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, तमिळनाडू, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान ही ती राज्ये.

कार्यक्रमाचा कणा घरोघरचा शोध हा होता. आरोग्य कर्मचारी ठरावीक काळाने प्रत्येक घरी जात, नारूचे चित्र दाखवत आणि असा रुग्ण कोणी पाहिला का, हे विचारत. त्यामुळे रोगाचा नकाशा गाव आणि पाणवठा यांच्या पातळीवर तयार झाला. रुग्ण सापडला की त्याच पाणवठ्यावर टेमेफॉस, गाळणी आणि दुरुस्ती यांची रवानगी होई. रुग्ण कमी होत गेले तेव्हा शोध सैल न करता अधिक कडक केला गेला. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले आणि संशयाची प्रत्येक बातमी तपासली गेली. रुग्णसंख्या १९९० मध्ये ४,७९८, १९९२ मध्ये १,०८१, १९९४ मध्ये ३७१, १९९५ मध्ये ६० आणि १९९६ मध्ये ९ अशी उतरली. त्यानंतर एकही स्थानिक रुग्ण नसताना तीन वर्षांहून अधिक काळ पाहणी चालू ठेवली गेली. वर्षभर दडून राहणाऱ्या रोगाच्या बाबतीत एका वर्षीचे शून्य पुरेसे नसते.

या यशामागे महाराष्ट्राचा एक वेगळा हातभार आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास कठीण बेसाल्ट खडकात विंधनविहिरी घेण्याचे काम राज्यात मोठ्या प्रमाणावर झाले. पण बिडाचे जुने हातपंप एका कुटुंबाच्या वापराला बेतलेले होते. साऱ्या गावाच्या वापराने ते मोडून पडत. त्यावर तोडगा म्हणून जालना पंप आणि सोलापूर पंप तयार झाले. सोलापूर पंपाच्या रचनेवरूनच पुढे, युनिसेफच्या पुढाकाराने, ‘इंडिया मार्क टू’ हा पंप घडला आणि भारतासह आफ्रिकेतील अनेक देशांच्या खेड्यांत पोहोचला. जमिनीखालील बंद पाणी वर आले की त्यात ना पाय बुडतो, ना सायक्लॉप्स वाढतो.

जगातील स्थिती : १९८६ मध्ये जगात दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने निर्मूलनाचा ठराव केला आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने मोहिमेचे नेतृत्व हाती घेतले. १९९५ मध्ये सुदानातील यादवी युद्धात कार्टर यांच्या मध्यस्थीने काही महिने शस्त्रसंधी झाला, तो आरोग्यसेवकांना नारूग्रस्त गावांत पोहोचता यावे म्हणून. पाकिस्तान १९९६ मध्ये, नायजेरिया २०१३ मध्ये आणि घाना २०१५ मध्ये नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाले. २०२३ मध्ये साऱ्या जगात मिळून फक्त १४ मानवी रुग्ण नोंदले गेले.

शेवटचा टप्पा मात्र लांबला आहे. २०१२ पासून चाड देशात कुत्र्यांमध्ये हाच कृमी मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. इथिओपियात तो बबून माकडांतही सापडला. माणूस हाच एकमेव आश्रय आहे, हे जुने गृहीतक त्यामुळे मोडले. आता संसर्गित कुत्रे बांधून ठेवणे, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून मासळीची आतडी पुरून टाकणे आणि तळ्यांवर टेमेफॉस टाकणे यांवर भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनासाठी २०३० हे वर्ष ठरवले आहे.

महत्त्व : देवी रोग लसीने गेला, नारू लसीवाचून गेला. देवीनंतर भारतातून हद्दपार झालेला हा दुसरा रोग आहे. त्याच्या निर्मूलनातून तीन गोष्टी सिद्ध झाल्या : प्रसाराचा नेमका दुवा कळला की साधी साधने पुरतात, रुग्णसंख्या घटते तेव्हाच पाळत सर्वांत चोख ठेवावी लागते, आणि पिण्याचे शुद्ध पाणी हा आरोग्यसेवेचा पाया आहे, तिची पुरवणी नव्हे. लस व औषध यांची वाट पाहत असलेल्या इतर जलजन्य रोगांनाही हा निष्कर्ष तितकाच लागू आहे.